झालरींचं वाण

मी शाकाहारी आहे आणि मासे पकडतो.

हे ऐकून लोक माझ्याकडे जसं बघतात तसं तुम्हीही बघून घ्या, मग पुढे जाऊ. पकडतो म्हणजे पकडून सोडून देतो. खायचा प्रश्नच नाही. आमच्या घरात अंड्याचा केक कापायलासुद्धा वेगळी सुरी आहे.

हा नाद मला लावला अंकल लिमनी. सिंगापुरात हौगांगला आम्ही ज्या ब्लॉकमध्ये राहतो तिथे ते आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहतात. वय चौऱ्याहत्तर, अंगात कायम बनियन, बोलणं मोजून चार शब्दांचं. दर रविवारी सकाळी ते रिझर्व्हॉयरवर पीकॉक बास पकडायला जातात. हा मासा अंगाने पट्टेदार आणि स्वभावाने आमच्या पुण्यातल्या जुन्या घरमालकासारखा आहे. भूक असो वा नसो, दारासमोरून कोणी फडफडत गेलं की तो अंगावर धावून येतो!

त्याला फसवायला गळाभोवती रबरी झिरमिळ्यांची एक झालर बांधतात (जिवंत आमिष इथे चालत नाही, आणि सिंगापुरात नियम म्हणजे नियम). इंग्रजीत तिला स्कर्ट म्हणतात, पण हा शब्द मी घरात एकदाच उच्चारला. "अंकलनी मला नारिंगी स्कर्ट दाखवला," एवढंच म्हणालो होतो. मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, हातातलं लाटणं खाली ठेवलं. तेव्हापासून आमच्याकडे झालरच म्हणतात.

झालर विकत मिळते, पण अंकलच्या मते विकतची झालर म्हणजे विकतच्या पुरणपोळ्या (हे माझं भाषांतर, ते फक्त "नो गुड" एवढंच म्हणाले). सिलिकॉनच्या बारीक पट्ट्या घ्यायच्या, एका रबरी कड्याभोवती सारख्या पसरायच्या, दोऱ्याने आवळायच्या आणि टोकं कातरायची. गढूळ पाण्याला गडद रंग, नितळ पाण्याला फिकट, ऊन असेल तर थोडी चमक. हे सगळं मला समजत होतं, फक्त हाताला येत नव्हतं. माझी झालर पहिल्याच फेकीला सुटायची आणि मासे ती बघून निघून जायचे.

शेवटी डिसेंबरात अंकलनी एक जुनी डबी उघडली आणि एक झालर माझ्या तळहातावर ठेवली. विटका नारिंगी रंग, मध्ये दोन तपकिरी झिरमिळ्या, आणि लाल दोऱ्याची गाठ.

"माय वाइफ मेक," ते म्हणाले.

आंटींना जाऊन चार वर्षं झाली. त्या रोज पोहायला जायच्या. पोहायची रबरी टोपी जुनी झाली तेव्हा त्यांनी तिच्या पट्ट्या कातरून नवऱ्यासाठी ही झालर बांधली होती. आंटींच्या पुण्यतिथीला अंकल पहिला गळ या झालरीने टाकतात, मग ती धुऊन, पुसून वर्षभरासाठी डबीत ठेवतात. यंदा ती तिथी जानेवारीतल्या एका रविवारी येत होती.

"यू सी द नॉट. यू लर्न. दॅट संडे, गिव्ह बॅक."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी झालर घेतली, घरी आणली आणि अत्यंत सुरक्षित अशा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून आई आली.

आता आईला मी मासे पकडतो हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रविवारी सकाळी "फिरायला जातो" म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर झिरमिळ्यांचा पसारा बघितला.

"हे काय रे मंदार?"

"ते... गोंडे. ऑफिसच्या कार्यक्रमाला लागतायत. सजावटीला."

"तुम्हाला पगार देतात तो याचा?" असं म्हणून तिने माझ्या हातातलं कडं काढून घेतलं. "दे इकडे. सोड. अरे, दोरा असा धरतात का कुणी? इंजिनिअर ना तू?"

(हा प्रश्न ती दिवसातून तीनदा विचारत होती. माझ्या ऑफिसच्या बॅगेची चेन ओढायची पट्टी आठ महिन्यांपूर्वी तुटली होती आणि मी तिथे पेपरक्लिप अडकवून काम भागवत होतो. ते बघूनही तिने हेच विचारलं होतं.)

आईने आयुष्यभर वाती वळल्यात, गेजवस्त्रं केलीत. तिने आंटींची गाठ एकदा उलटून बघितली, "बांधणारा हात पक्का आहे हो," म्हणाली आणि दहा मिनिटांत एक झालर बांधून माझ्यापुढे ठेवली. मी ती बेसिनमध्ये पाणी भरून सोडली. जेलीफिशसारखी उघडली, मिटली, उघडली! मला गहिवरून आलं.

"ऑफिसात हे पाण्यात बुडवणार आहेत का?" आईने विचारलं.

"नाही, म्हणजे... रंग जातो का ते बघतोय."

मग रंगांची निवड सुरू झाली. अंकलचं शास्त्र एकीकडे आणि पन्नास वर्षं मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर ब्लाउजपीस पारखलेली आई दुसरीकडे. "हा काय काळ्यावर काळा? दिसणार काय त्यात? याला डाळिंबी घाल. हा चिंतामणी छान आहे, त्याला मोरपिशी कड दे. आमसुलीत पोपटी? शी!" मी मान डोलवत गेलो. रविवारी आईची डाळिंबी झालर टाकली आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा बास लागला. अंकलनी झालर हातात घेऊन निरखली.

"हू मेक?"

"माय मदर."

"शी फिश?"

"शी डोन्ट नो," मी म्हणालो. अंकलनी झालर माझ्या हातात परत दिली. यावर बोलायला त्यांना चार शब्द पुरले नसते.

अशा रीतीने, गळाला लावून झालेल्या सोडून, श्रीखंडाच्या डब्यात बावीस नव्या झालरी जमल्या. आंटींची धरून तेवीस. आंटींच्या पुण्यतिथीचा रविवार आला तो नेमका संक्रांतीच्या आठवड्यात.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. वाण म्हणून मुग्धाने चहाच्या बावीस छोट्या गाळण्या मागवल्या होत्या. त्यांचं पार्सल सकाळपासून "वाटेवर आहे, वाटेवर आहे" असे मेसेज पाठवत होतं. मुग्धा पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये अडकलेली. घरात आई एकटी, आणि बायका सहा वाजता हजर. मला पुरुष या नात्याने घराबाहेर काढलेलं होतं. मी आणि आमची दहा वर्षांची सई खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसलो होतो. सई पुस्तक वाचत होती आणि मी समाधानात होतो.

साडेसहाला लिफ्टमधून पल्लवीवहिनी उतरल्या. काळी साडी, हातात तिळगुळाची पुडी आणि पर्सला लटकलेली चिंतामणी रंगाची, मोरपिशी कडेची झालर.

मी उठून उभा राहिलो.

"वहिनी, हे... हे तुम्हाला कुठे..."

"काकूंनी लुटलं! किती गोड आहे ना? स्वतः बांधलंय म्हणे त्यांनी. मी तर उद्या ब्लाउजला लावणार. पाठीवर लटकन म्हणून काय दिसेल!"

त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. एकीकडे डाळिंबी, एकीकडे वांगी. "आम्हीपण लटकनच करणार," त्या म्हणाल्या. मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघालो. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो हे मला सहाव्या मजल्यावर आठवलं.

दार उघडलं तर आई शेवटच्या बाईला कुंकू लावत होती आणि टीपॉयवर श्रीखंडाचा डबा पालथा पडला होता.

"आई," मी धापा टाकत म्हणालो, "गोंडे?"

"दिले. अरे, पार्सल आलं नाही, बायका दारात, सवाष्णींना काय रिकाम्या हाताने पाठवू? तुझ्या ऑफिसला मी चार दिवसांत परत करून देते."

"सगळे दिलेस?"

"सगळे संपले. एक उरला नाही."

आता इथे मी एकच प्रश्न विचारायचा होता: "त्यातला विटका नारिंगी कुठे गेला?" सहावीतल्या मुलालाही हे सुचलं असतं. पण तो विचारला की आई विचारणार, "त्यात एवढं काय?" मग अंकल, मग आंटी, मग मासे, मग महिनाभराचं "फिरायला जातो". मी तोंड मिटलं आणि खुर्चीत बसलो. बरोबर पाच मिनिटांनी बेल वाजली आणि गाळण्या आल्या.

मुग्धा आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"मग आईंना सरळ विचार की," ती म्हणाली.

"काय सांगून विचारू?"

"खरं सांगून."

"तू विचारतेस का?"

"मी का विचारू? खोटं तू बोललास, निस्तर आता तू."

खरं सांगतो, आईच्या रागापेक्षाही मला अंकलचा चेहरा दिसत होता. रविवारी सकाळी ते हात पुढे करणार. त्या माणसाकडे बायकोच्या हातचं दुसरं काय उरलंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं धाडस नव्हतं.

एकच आशा होती. शनिवारी संध्याकाळी पाया लेबारजवळच्या एका हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. बावीसही जणी तिथे येणार होत्या. गोंडा पर्सला असेल तर पर्स बघायची. ब्लाउजला असेल तर...

"तर पाठी बघणार तू?" मुग्धाने विचारलं.

"लांबून."

"मी तुझ्याबरोबर आलेली नाही, लक्षात ठेव," असं म्हणून तिने माझी ऑफिसची बॅग माझ्या पाठीवर चढवली. "यात लाडवांचे डबे आहेत. काढून खाली ठेवू नकोस, पायाखाली येईल कुणाच्या."

हॉलमध्ये शिरलो आणि माझे डोळे दिपले. संक्रांत, त्यामुळे झाडून सगळ्या बायका काळ्या साड्यांत, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या काळ्या पाठीवर माझी एकेक झालर! चालताना उघडत होती, मिटत होती. आईची रंगसंगती काय खुलली होती! मी मासा असतो तर तिथल्या तिथे झडप घातली असती. (हे वाक्य मी त्या संध्याकाळी मोठ्याने बोललो नाही, एवढंच काय ते माझं शहाणपण.)

सुरुवात जोशीकाकूंपासून केली. त्यांच्या पाठीवर काहीतरी नारिंगीसर दिसत होतं. मी सरबताचा पेला घेऊन सहज फिरत असल्यासारखा त्यांच्या मागे गेलो आणि जरा वाकलो. नारिंगी नव्हतं, शेंदरी होतं. तेवढ्यात काकू वळल्या.

"काय रे मंदार, काही पडलं का?"

"नाही काकू. ब्लाउज... छान आहे."

काकू सत्तरीच्या आहेत. त्यांनी पदर पाठीवरून पुढे ओढून घेतला.

मग मी पद्धत बदलली. भिंतीशी उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचे आणि मोठे करून बघायचे. सात-आठ पाठी झाल्या असतील. शेजारी कोणीतरी उभं असल्याची जाणीव झाली. बघतो तर पल्लवीवहिनींचे यजमान. हा माणूस रोज सकाळी जिममध्ये शंभर किलो उचलतो. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या पत्नीची पाठ होती, मोठी केलेली.

"मंदार," ते शांतपणे म्हणाले, "काय चाललंय?"

"गोंडा बघत होतो."

"कशाला?"

"सुंदर आहे."

"हं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, फोटो पुसला, मोबाइल माझ्या खिशात ठेवला आणि खिशावर थोपटलं. त्या थोपटण्याचं दुखणं दोन दिवस राहिलं.

तोवर कुजबुज पसरली होती. मी ज्या बाजूला जाईन तिथल्या बायका तोंड माझ्याकडे करून उभ्या राहायच्या. माझ्या मागच्या बायका मात्र फिदीफिदी हसत होत्या. सई धावत आली.

"बाबा, लिसन लाह, युअर बॅग..."

"लाडू ना? आहेत गं, नंतर देतो. आत्ता नको."

"नो, बाबा..."

"सई, जा बघू. बाबा कामात आहे."

ती "हाय्या" म्हणून कपाळाला हात लावून निघून गेली. शेवटी मंडळाचे अध्यक्ष, देशपांडेकाका, माझ्या खांद्यावर हात टाकून मला स्टेजच्या बाजूला घेऊन गेले.

"हे बघ, माणसाला चाळिशीत असं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मुग्धाशी पटतंय ना तुझं?"

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. वीस पाठी बघून झाल्या होत्या, झालर सापडली नव्हती, अंकल बारा तासांवर येऊन ठेपले होते, आणि हा माणूस मला संसार शिकवत होता! मी स्टेजवर चढलो आणि माइक हातात घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, आणि हॉल इतका शांत झाला की तिळगूळ चावल्याचा आवाज ऐकू यावा. "काल आमच्या घरी जे गोंडे लुटले ते गोंडे नाहीत. ते मासे पकडायच्या गळाला लावतात."

एक किंकाळी आली. बहुधा जोशीकाकूंची. चार-पाच जणींचे हात एकदम पाठीमागे गेले.

"नवीन आहेत, स्वच्छ आहेत, माशाने बघितलेलेसुद्धा नाहीत. तुम्हाला ठेवायचे तर ठेवा. पण त्यातला एक माझा नाही. आमचे शेजारी आहेत, त्यांच्या बायकोने तो स्वतःच्या हाताने बांधला होता. ती बाई आता नाही. उद्या सकाळी मला तो त्यांना परत द्यायचाय. विटका आहे, नारिंगी आहे, लाल दोऱ्याची गाठ आहे. ज्यांच्याकडे गेला असेल त्यांनी कृपा करून द्या. मी पाया पडतो."

मग पहिल्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात, आई म्हणाली,

"विटका? विटका गोंडा मी वाण म्हणून देईन? इतकी का कद्रू वाटले मी तुला?"

"मग कुठाय गं तो?"

"वळ."

"काय?"

"पाठमोरा वळ म्हणते ना!"

मी वळलो. दोनशे लोकांकडे पाठ करून मी स्टेजवर उभा राहिलो, आणि मागून जो हशा उसळला तसा मंडळाच्या एकाही नाटकाला कधी मिळालेला नाही. बॅगेच्या चेनला, पेपरक्लिपच्या जागी, लाल दोऱ्याची ती नारिंगी झालर बांधलेली होती. संध्याकाळभर मी ती पाठीवर मिरवत हिंडत होतो.

"आठ महिने पेपरक्लिप लावून फिरतोय," आई शेजारणीला सांगत होती. "म्हटलं, पुरुषाच्या बॅगेला काय, विटका चालतो."

एमआरटी मेट्रोतून येताना आईने पर्स आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली. सेरंगून गेल्यावर म्हणाली, "मासे धरतोस याचं मला काही नाही. पण माझ्याकडून करून घेतलंस आणि मलाच ऑफिसचं सांगितलंस. वाईट वाटलं मला."

"चुकलं गं आई," मी म्हणालो. खरोखर चुकलं होतं.

"सोडून देतोस ना त्यांना?"

"लगेच."

"तोंडाला लागत असेल त्यांच्या." हौगांग आलं तशी ती उठली. "उद्या मीपण येते."

रविवारी रिझर्व्हॉयरवर आईने आपल्या हाताने ती झालर अंकलच्या हातात ठेवली. खुणेने सांगितलं, एक झिरमिळी सैल झाली होती, ती रात्री घट्ट केली, गाठीला मात्र हात लावला नाही. अंकलनी गाठ बघितली, आईकडे बघितलं आणि बनियनवर पहिल्यांदाच घातलेल्या शर्टाला डोळे पुसले. मग मला विचारलं, "यू कीप गुड?"

"यस अंकल," मी म्हणालो. "एव्हरीवन सॉ."

पहिल्या फेकीला काही लागलं नाही. अंकल म्हणाले, बरंय, तिला मासे आवडायचेच नाहीत. झालर धुऊन, पुसून डबीत गेली. आई परत जाईपर्यंत दर रविवारी आमच्याबरोबर येत होती, आणि आता पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाण्याचा रंग बघून झालर सांगते. अंकल माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात.

बावीसपैकी एकवीस जणींनी गोंडे ठेवून घेतले (जोशीकाकूंनी परत केला, गरम पाण्यात उकळून). माझी बॅगही मी नवीन घेतली. मंडळातही तसं सगळं पूर्वीसारखंच आहे. फक्त मी हॉलमध्ये शिरलो की बायका आपापल्या खुर्च्या उचलतात आणि भिंतीला पाठ टेकवून बसतात.